पलीकडच्याची सही

माझ्या ट्रंकेला हात लावणारा पहिला परपुरुष म्हणजे जव्हारचे माझे घरमालक.

एसटीतून उतरून हमालाच्या मागोमाग मी त्यांच्या ओटीशी पोचले तेव्हा ते वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते. वर बंद गळ्याचा खाकी कोट, खाली धोतर, पाय अनवाणी. मी नमस्कार केला. तो त्यांनी घेतला नाही. ‘डोक्यावरचं खाली ठेव, मग बोल,’ असं हमालाला म्हणाले आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘कुठून? कुठं? माल काय?’

‘माल कसला? मी शाळेत नवीन आलेली मास्तरीण. खोलीचं पत्र टाकलं होतं ना?’

‘ते पोचलं. माल काय?’

नवी नोकरी, अनोळखी गाव, त्यात हा प्रकार. माझा पारा चढायला लागला होता. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज आला, ‘बाई, दाखवून टाका. दाखवल्याबिगर सोडायचे नाहीत. मी माहेराहून आले तरी पिशवी उलटी करून घेतात.’

मी ट्रंक उघडली. चार लुगडी, पुस्तकं, आरसा, आईने दिलेला मेतकुटाचा डबा. त्यांनी डबा उघडून वास घेतला, क्षणभर विचार केला आणि ‘जकात माफ’ म्हणून झाकण लावलं. मग कुठे हात जोडून म्हणाले, ‘या. घर तुमचंच हाय.’

त्यांना गाव नाकेदार म्हणायचं. संस्थान असताना जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर संस्थानची हद्द संपायची, तिथल्या जकात नाक्यावर ते होते. संस्थान विलीन झालं, हद्द पुसली, नाका उठला. नाकेदार तेवढे उरले. मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला दोनेक वर्षं झाली असतील, पण त्यांच्या ओटीवरून सुखासुखी कोणी जाऊ शकत नव्हतं. साखरशेतहून तांदूळ घेऊन बाजाराला येणारी माणसं मुद्दाम त्यांच्या दारावरून जात, गाठोडं खाली ठेवत आणि म्हणत, ‘नाकेदार, बघून घ्या.’ ते मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारत, वजनाचा अंदाज सांगत. पुढे बाजारात काट्यावर तेवढंच भरायचं, असं लोक म्हणत. मी एकदा पडताळून पाहिलं. साफ चुकलेलं होतं. पण हे मी कोणाला बोलले नाही, कारण तोवर मलाही त्या ओटीवर पिशवी दाखवायची सवय लागली होती. शाळेतून आल्यावर कोणीतरी ‘काय आणलंत?’ विचारणारं असावं, याचं सुख एकट्या बाईमाणसालाच कळेल.

त्यांचा एक नियम होता : कामाशिवाय हद्द ओलांडायची नाही. शेजारच्या आळीत जायचं तरी काम लागे. काम नसलं तर ते काढत. मुलीकडे जायचं तर काकू आठ दिवस आधी तिच्याकडे मुद्दाम एखादं पातेलं विसरून येत. मग ते पातेलं आणायला नाकेदार जात, नातवंडांना खेळवत, दोन दिवस राहत आणि पातेलं घेऊन परत येत.

आणि रोजच्या बोलण्यात एक माणूस असायचा : पलीकडचा. ‘हे पलीकडच्याला सांगायला हवं.’ ‘पलीकडचा असता तर म्हणाला असता, मीठ कमी हाय.’ कितीतरी दिवस मला वाटत होतं की पलीकडचा म्हणजे शेजारी.

पलीकडचा म्हणजे खालशातला. संस्थानची हद्द संपली की इंग्रजांचा मुलूख, त्याला इकडे खालसा म्हणत. तिथे सरकारी जंगल नाका होता आणि त्यावर हा गृहस्थ होता. सागाची लाकडं, कोळसा, हिरडा, जे काही जंगलातून निघेल त्याचा पास बघायचा हे त्याचं काम. रस्त्यावर दोन नाक्यांचे दोन आडवे वासे. पैकी खालशातल्या वाशाला वाळवी लागली. नवा वासा वरून मंजूर होईना, तेव्हा दोघांनी आपसात ठरवून एकाच वाशावर दोन सरकारांचं काम चालवलं. वाशावर फळी टाकून दोघं सोंगट्या खेळत. हा अलीकडे बसून, तो पलीकडे बसून. चहा वाशावरून जायचा, शिव्या वाशावरून जायच्या. मात्र उभ्या नोकरीत नाकेदारांनी वासा ओलांडला तो एकदाच.

ती गोष्ट ते स्वतःच सांगायचे. पलीकडच्याला हिवतापाने गाठलं होतं, झोपडीत कण्हत पडला होता. नाकेदार वाशाशी उभे राहून हाका मारत होते. ओ येईना. शेवटी ते आपल्या खोपटात गेले, काढा उकळला, पासांचं पुस्तक उघडलं आणि स्वतःच्याच नावाने पास फाडला : ‘एक इसम, एक तांब्या काढा, विक्रीसाठी नव्हे. मुदत सूर्यास्तापर्यंत.’ तो पास हातात धरून ते पलीकडे गेले.

‘आणि सूर्यास्त झाला तेव्हा?’ मी विचारलं.

‘ताप उतरला नव्हता. मुदतवाढ घेतली.’

‘कोणाकडून?’

‘त्याच्याकडूनच. त्याच्या हद्दीत होतो ना मी. तापात होता, पण सही केली.’

विलीनीकरणाचा हुकूम आला त्या दिवशी माणसं वासा काढून घेऊन गेली. रस्ता मोकळा झाला. पलीकडचा आपल्या बाजूने ओरडला, ‘ये आता इकडं. कोण अडवतंय?’ नाकेदार जागचे हलले नाहीत. ‘आता काय म्हणून येऊ?’ म्हणाले, आणि वळून जव्हारची वाट धरली. ज्या हद्दीने दोघांना बांधलं तीच गेल्यावर काय करायचं, हे त्यांना खरोखर सुचलं नसावं.

पलीकडच्याची बदली लांब निघाली. त्याने नोकरी सोडली आणि मोखाड्यात किराणा मालाचं दुकान घालायचं ठरवलं. भांडवल कमी पडत होतं. हे कानावर आल्याबरोबर नाकेदारांनी आपलं तट्टू विकलं आणि पैसे जुन्या शिपायाच्या हातून पाठवून दिले. स्वतः गेले नाहीत. पुढे दुकान चाललं, आणि मी राहायला आले त्याच पावसाळ्यात पलीकडच्याने पैसे परत केले. तेही कसे, तर नाशिकच्या बँकेचा चेक पाठवून. खालशातला माणूस, चेकबुकवाला! जव्हारात तेव्हा चेक पाहिलेली माणसं थोडी होती. नाकेदारांनी तो कागद मला आणून दाखवला.

‘बाई, हा पासच झाला. पण मुदत कुठं लिहिलेली नाय.’

माझा भाऊ नाशिकला असे, त्याचं बँकेत जाणंयेणं होतं. मी त्याला पत्र घालून विचारलं. उत्तर आलं : चेकवरच्या तारखेपासून सहा महिने. त्यानंतर बँक पैसे देत नाही. मग ज्याने चेक दिला त्याने तारीख बदलून शेजारी पुन्हा सही करावी, नाहीतर नवा चेक द्यावा. मी नाकेदारांना सांगितलं, की लवकर जाऊन वटवून आणा, उगाच शिळा व्हायचा.

त्यांनी यातलं एकच वाक्य ऐकलं. ‘म्हणजे मुदतवाढ मिळते? स्वतः जाऊन घ्यावी लागते?’

‘हो, पण वटवलात तर...’

‘अगं,’ त्यांनी आत हाक मारली, ‘माझा कोट काढून ठेव. मोखाड्याला काम निघालंय.’

काकू बाहेर आल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, चेककडे पाहिलं आणि कोट उन्हात टाकला. स्वयंपाकघर गळत होतं, त्या पैशांत नवी कौलं आली असती. मी त्यांना तसं म्हटलंही. काकू म्हणाल्या, ‘बाई, चेक वटला की हे कशाला जातील मोखाड्याला? गळू दे. पातेलं लावीन खाली.’

असा तो चेक चालू झाला. होळीच्या सुमाराला एकदा आणि गणपती झाले की एकदा, मुदत संपायच्या आत नाकेदार मोखाड्याला जायचे. जुन्या पासांची एक बांबूची नळी होती तिच्यात चेक, पिशवीत काकूंनी दिलेले नागलीचे पापड आणि मधाची बाटली. एकदा मीही त्यांच्याबरोबर मोखाड्याला गेले होते. जुन्या नाक्याच्या जागी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि तिथल्या रिकाम्या जोत्यासमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, ‘नागलीचे पापड, एक बाटली मध. स्वतःच्या वापराकरता.’ कंडक्टरला सवय होती, त्याने घंटीच्या दोरीवरचा हातसुद्धा काढला नाही. सूर्यमाळकडच्या एक म्हाताऱ्या बाई मात्र खिडकीतून म्हणाल्या, ‘बाबा, नाका तं कवाच गेला.’

‘नाका गेला. मी कुठं गेलोय?’ नाकेदार म्हणाले आणि गाडीत चढले.

मोखाड्यात दुकानाच्या ओट्यावर स्वागत ठरलेलं. ‘आला का बैल! अरे, माणसं चेक वटवतात. तू लोणचं घालतोस त्याचं.’ मग पलीकडचा आधीची तारीख खोडायचा, नवी घालायचा, शेजारी ऐसपैस सही करायचा. त्यानंतर सोंगट्या निघायच्या. शेवटची गाडी चुकायची. ती दर वेळी चुकायची. दुसऱ्या दिवशी नाकेदार जव्हारला उतरत ते लग्नाहून आल्यासारखे. चेकवर खाडाखोडीला जागा उरली नाही की पलीकडचा चार शिव्या हासडून तो फाडायचा आणि नवा लिहायचा. पैसे दिल्याशिवाय राहणार नाही हा त्याचा हट्ट, आणि घेणार नाही असं नाकेदारही कधी म्हणाले नाहीत. काम चालू होतं, एवढंच.

मग एका पौषात, भाद्रपदातली सही होऊन तीन-चार महिने झाले असताना, सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर ओटीशी येऊन सांगून गेला की मोखाड्याच्या दुकानदाराला झटका आलाय, उजवं अंग लुळं पडलंय.

नाकेदार होते तसे निघाले. अंगात बंडी, पायांत काही नाही. कोट घेतला नाही, नळी घेतली नाही. काम नव्हतं आणि ते चालले होते. कंडक्टरने नंतर मला सांगितलं, की जुन्या नाक्याशी त्याने आपण होऊन गाडी थांबवली, तर नाकेदार त्याच्यावर खेकसले, ‘थांबतोस काय, हाक पुढं!’

परत आले. काकूंनी पाणी दिलं. तांब्या खाली ठेवून म्हणाले, ‘बोलतो नीट. पण उजवा हात गेला त्याचा.’

सहीचा हात गेला होता. हे तिथे बसलेल्या आम्हा तिघांना एकदमच समजलं. चेकवरची शेवटची सही गणपतीनंतरची, ती शिमग्यापर्यंत जिवंत. पुढे मुदतवाढ नाही. डाव्या हाताने काढलेली सही बँक कुठली मानायला!

पलीकडच्याने निरोपामागून निरोप धाडले. चेक वटव. दुकानाला येणारं गिऱ्हाईक, एसटीचा ड्रायव्हर, बोहाड्याच्या उत्सवातल्या सोंगांचं सामान न्यायला आलेली मंडळी, सगळ्यांच्या तोंडी तेच. आणि नाकेदार सगळ्यांना म्हणत, ‘बघू.’ माघ उलटला. मला राहवेना. एक दिवस शाळेतून आले, पिशवी त्यांच्यापुढे ठेवली आणि सरळ भांडायलाच बसले.

‘तो माणूस तिथे तळमळतोय आणि तुम्ही नळी धरून बसलाय! काय मिळतं तुम्हाला यात?’

त्यांनी पिशवी तपासली नाही. ‘बाई, तुम्ही शिकलेल्या. हसाल.’

‘नाही हसणार.’

‘माझी आई सांगायची. देणंघेणं राहिलं की माणसांची पुढल्या जन्मी गाठ पडते. मिटलं की सुटली. मग समोरून गेला तरी ओळख देत नाय. इथं वासा होता म्हणून भेटलो. तिथं कोण वासा घालणाराय आमच्यासाठी?’

मला हसू आलं नाही. डोळे भरून आले, आणि त्याचाच राग येऊन मी म्हणाले, ‘आणि त्याला काय वाटतं, ते विचारलंत?’

‘तो म्हणतो, वर पण नाका असणार. तिथं गाठोडं सोडून दाखवावं लागणार. तुझं ऋण घेऊन गेलो तर मना अडवतील. मना रिकाम्या हातानं जायचंय, म्हणतो.’ त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. ‘नाकेदार मी, अन् शहाणपण शिकवतो तो.’

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन कोट आणला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. मला म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही शिमग्याच्या सुट्टीत भावाकडे चाललाय ना? ह्यांना न्या बँकेत. आणि ह्यांची खुशी बघू नका. त्याची बघा. चाललाय तो.’

नाशिकच्या बँकेत नाकेदार कोटाची सगळी बटणं लावून उभे होते. जाळीमागच्या कारकुनाने चेक दोन्ही बाजूंनी पाहिला. खोडलेल्या तारखा, त्यांच्या शेजारी सह्या, त्यांच्याखाली आणखी सह्या. ‘आजोबा, हा चेक आहे की वंशावळ?’ तो म्हणाला. मग उठून साहेबांकडे गेला. साहेबांनी खातं काढून सही ताडून पाहिली, तारीख पाहिली. ‘मुदतीत आहे,’ म्हणाले, ‘पण थोडक्यात. पुढच्या आठवड्यात आला असतात तर काही करता आलं नसतं.’ नाकेदारांच्या चेहऱ्यावर एक भाव आला, तो मला आवडला नाही. मी त्यांचा कोपर घट्ट धरला. त्यांनी चेकच्या मागे सावकाश सही केली.

कारकुनाने चेकवर शिक्का मारला, नोटा पुढे सरकवल्या. नाकेदारांनी नोटांना हात लावला नाही. जाळीतून हात आत घालून म्हणाले, ‘पास परत द्या.’

‘तो आता बँकेकडे राहतो, आजोबा.’

‘बघितलेला पास आम्ही परत देतो.’

‘इथे देत नाहीत.’

मग त्यांनी नोटा घेतल्या आणि रिकाम्या नळीला झाकण लावलं. बाहेर येऊन पायरीवर बसले. मी रसवंतीतून उसाचा रस आणून दिला. तो पिऊन झाल्यावर म्हणाले, ‘चला. त्याला दाखवून येऊ.’ भावाकडे नंतर येते असा निरोप ठेवून मीही त्यांच्याबरोबर परत फिरले. त्यांना एकटं सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मोखाड्यात पलीकडचा दुकानामागच्या पडवीत खाटेवर होता. मी त्याला ऐसपैस माणूस म्हणून ओळखत होते. खाटेवर आता अंगाचं पाखरू उरलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. नाकेदारांनी खाटेशेजारी उकिडवं बसून नोटा त्याच्या डाव्या हातात ठेवल्या.

‘वटला,’ ते म्हणाले.

पलीकडच्याने नोटा मोजल्या नाहीत. छातीवर धरल्या, डोळे मिटून तसाच पडून राहिला. कानशिलांवरून पाणी ओघळलं. ‘सुटलो,’ तो म्हणाला. ‘बैला, सोडवलंस एकदाचं.’ मग त्याने नोटा परत नाकेदारांच्या कोटाच्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबल्या आणि वर थोपटलं.

त्याच्या सुनेने चहा आणला. सोंगट्या निघाल्या नाहीत. दोघंही आढ्याकडे बघत बसले. अशी बोलकी माणसं, पण आता त्यांच्यात काही कामच उरलं नव्हतं. मला तिथे बसवेना. शेवटच्या गाडीची वेळ झाली तेव्हा नाकेदार उठले. दाराशी गेले. थांबले. कोटाचा एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला आणि परत खाटेशी आले.

‘पलीकडच्या, एक रुपया दे. बसभाड्याला सुटे नायत.’

मी भाबडेपणाने पर्स उघडली. ‘माझ्याकडे आहेत की...’

‘तुमचे नकोत,’ नाकेदार माझ्याकडे न बघता म्हणाले.

पलीकडचा त्यांच्या फुगलेल्या खिशाकडे बघत राहिला. मग त्यांच्या तोंडाकडे. आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्याची शाबूत असलेली बाजू हसायला लागली. खाट हलेपर्यंत तो हसला. डावा हात उशीखाली घालून त्याने रुपया काढला, पण लगेच दिला नाही, मुठीत धरून ठेवला.

‘उसना?’

‘उसना. माझ्या नावावर. तुझ्या गाठोड्यात काय नाय.’

‘मुदत किती?’

‘मुदत नाय,’ नाकेदार म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.